पिंगळी स्टेशनजवळचं जपान

मी चार वर्षं जपानात काढली आहेत, असं बोलण्याच्या ओघात निघालं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. मग माझा मुलगा घाईघाईने खुलासा करतो, "पिंगळी स्टेशनला उतरायचं आणि दीड कोस चालायचं. ते जपान." समोरचा हसतो आणि पुन्हा सैल बसतो. मला मात्र त्यात काही खोटं वाटत नाही. गावात त्या घराला जपानच म्हणत. कुणाची शेळी सापडेना की "जपानात बगा" म्हणत, आणि नव्या बाई कुठे राहतात असं पोस्टमनने विचारलं की पोरं हात करून सांगत, "जपानात." घरमालकांनाही जपानच म्हणत, तेही तोंडावर. त्यांना ते मनापासून आवडे.

त्यांची माझी पहिली भेट रस्त्यावर झाली. नामांतरावरून मराठवाडा पेटला होता त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. त्या जूनमध्ये मला शिक्षिकेची नोकरी लागली आणि मी पूर्णेहून पॅसेंजरने पिंगळीला उतरले. हातात पत्र्याची पेटी, काखेत वळकटी. गावाकडच्या गाडीवाटेवर माझ्या पुढे एक साठीचा माणूस चालला होता. धोतर, बंडी, पायात नाल ठोकलेल्या वहाणा. मी बरीच जवळ आल्यावर तो एकदम थांबला. वाट सोडून बाजूच्या गवतात उतरला, आणि मागे वळूनही न बघता एक हात लांब करून म्हणाला, "बेतोबेतो सान, तुमी व्हा म्होरं."

मी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी पेटी सावरत झपझप पुढे निघून गेले. मनात म्हटलं, गावातला वेडा पहिल्या दहा मिनिटांतच भेटला, आता बाकीचं गाव सरळ निघेल.

बाकीचं गाव तितकं सरळ निघालं नाही. हेडमास्तर सज्जन होते, म्हणजे वाईट काही बोलत नसत आणि चांगलं काही करत नसत. "खोलीचं तुमचं तुम्ही बघा," म्हणाले. मी बघायला निघाले. प्रत्येक घरी आधी खोली रिकामी असे. मग माझं नाव विचारत, मग आडनाव, मग पूर्णेत कुठल्या भागात घर, आणि तेवढ्या वेळात त्या खोलीत राहायला कुणाचा तरी भाचा येणार असल्याचं त्यांना आठवे. वस्तीतल्या आमच्या लोकांनी प्रेमाने बोलावलं, पण तिथे एका खोलीत सात माणसं होती आणि माझ्यासाठी त्यातली तीन बाहेर झोपली असती. आईने निघतानाच बजावलं होतं, की धड खोली मिळाली तर राहा, नाहीतर नोकरी सोडून परत ये. आदल्या वर्षीच्या बातम्यांनी ती धास्तावली होती. आमच्या घरात नोकरी लागलेली मी पहिली मुलगी. ती नोकरी एका खोलीपायी जाणार, या विचाराने मला रडू यायला लागलं होतं.

शेवटचं घर उरलं होतं. ओसरीवर सकाळचा तोच माणूस बसला होता आणि एका मोडक्या केरसुणीशी हळू आवाजात बोलत होता. मला पाहून उठला. मी या वेळी सगळं आधीच सांगून टाकलं. नाव, गाव, आणि आम्ही बौद्ध आहोत हेही. नकार मिळायचा तर लवकर मिळावा.

"बौद्ध?" ते म्हणाले. "म्हंजे बुद्धाच्या?"

"हो."

मी पेटी उचलायला वाकले. त्यांचा चेहरा मात्र घरी लेक आल्यासारखा फुलला होता.

"मंग तुमाला कप्पा ठाऊक आसंल."

"कोण?"

"कप्पा. पान्यातलं भूत. जपानातलं. तिकडं समदे बुद्धालाच मानत्यात, म्हंजे ही भुतं तुमच्यातलीच की. मी कवापास्नं वाट बगायलोय, कोनी बुद्धाचं मानूस घरी यावं आन इचारावं, का बाबा, मला जे ठाऊक हाय ते बराबर हाय का चूक." मग आत तोंड करून ओरडले, "आवो, कोनाड्याची खोली झाडून घ्या. जपानचं मानूस आलंय."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की आमचा जपानशी काही संबंध नाही, मी पूर्णेच्या पलीकडे नांदेडपर्यंत गेलेली आहे आणि आमच्या घरात भूत, अंगारा, उतारा हे सगळं छप्पन साली बंद झालंय. मी भुतं मानत नाही.

"मानू नका," ते म्हणाले. "त्यांना कुटं मानलेलं लागतंय? नुस्तं नीट वागलं तरी बास हाय."

ज्या कारणाने सगळ्या गावाने मला खोली नाकारली, त्याच कारणाने मला ती मिळाली. मी त्यांना काका म्हणायला लागले. ते मला शेवटपर्यंत बाईच म्हणाले.

काकू सुपात ज्वारी पाखडत दाराशी आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "निघालं का तुमचं जपान?" त्या हे वाक्य दिवसातून बऱ्याच वेळा म्हणत. कधी रागाने, कधी हसून.

काकांचं जपान कुठून आलं होतं, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तरुणपणी ते निजामाच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात मलायात गेले, तिथे जपान्यांच्या हाती सापडले आणि पुढची सगळी वर्षं कैदेत निघाली. त्या वर्षांविषयी ते काहीही सांगत नसत. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. त्याबद्दल विचारलं तर ते भुतांकडे वळत. कैद्यांच्या भटारखान्यात एक म्हातारा जपानी स्वयंपाकी होता. काका त्याच्या हाताखाली भाज्या चिरत. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. म्हातारा परातीतल्या पिठावर बोटाने चित्रं काढी, तोंडाने आवाज करी, उड्या मारून दाखवी. असं करत करत त्याने आपल्या देशातली सगळी भुतं काकांच्या हवाली केली.

"तिथं जित्ती मानसं लय वाईट वागली, बाई," काका एकदाच म्हणाले. "भुतं तेवढी चांगली वागली." मग लगेच उठून विहिरीवर गेले.

विहिरीवर त्यांचं नेहमी काहीतरी काम असे. परसात काकडीचा वेल होता. त्याची पहिली काकडी कुणाच्या तोंडात जायच्या आत विहिरीत पडे, कारण कप्पाला काकडी फार प्रिय. "आपल्या विहिरीत कप्पा आहे का पण?" मी विचारलं. "नसंल," ते म्हणाले. "पर आला तर उपाशी काऊन ऱ्हावा?"

गावच्या भुतांवर त्यांचा राग होता. शाळेमागच्या पिंपळावर एक मुंजा असल्याचं सगळे सांगत. काका त्याला मोजत नसत. "झाडावर बसून खामखा लोकाला धरतंय. ना बोलनं ना चालनं. जपानचं भूत कसं, कायद्यात ऱ्हातंय. त्याचा कायदा तुमी पाळा, ते तुमचा पाळतंय." प्रत्येक भुताचा कायदा त्यांना पाठ होता. एक भूत झोपेत माणसाची उशी पायाकडे नेऊन ठेवतं; म्हणून रोज सकाळी चहाच्या वेळी ते गंभीरपणे विचारत, "बाई, उशी कुनीकडं हुती?" मी "जागेवरच होती" म्हटलं की त्यांना किंचित वाईट वाटे. एक भूत घाणेरड्या न्हाणीत येऊन शेवाळ चाटतं. म्हणून त्यांची न्हाणी अशी लख्ख असे, की काकू त्या एका भुताला कधी नावं ठेवत नसत. एक भूत नदीकाठी बसून कडधान्य धुतं आणि गाणं म्हणतं. काकू विहिरीवर मूग धुवायला बसल्या की काका लांबूनच हात जोडत. त्यावर काकू मुगाचं पाणी त्यांच्या अंगावर उडवत.

आणि जुन्या वस्तू. वस्तूचं वय शंभर झालं की तिच्यात जीव येतो, असा कायदा होता. छत्रीला मधोमध एक डोळा फुटतो आणि ती दांड्यावर उड्या मारत घरभर फिरते. पण त्याआधी कुणी तिला फेकून दिलं, किंवा बाजूला टाकून विसरलं, तर ती रुसते आणि दावा धरते. त्यामुळे त्या घरातून काहीच बाहेर जात नसे. तुटकी केरसुणी, फुटकं सूप, तळ गेलेली घागर, सगळं माळवदावर रांगेने मांडलेलं. काका अधूनमधून वर जाऊन त्यांची विचारपूस करत. पहिल्या दिवशी त्या केरसुणीची माफी मागणं चाललं होतं, हे मला नंतर कळलं.

आता कपाची गोष्ट सांगते. मी राहायला आले तेव्हा काकूंनी माझ्यासाठी एक कप वेगळा काढला होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. तो बाहेरच्या कोनाड्यात असे. मी चहा प्यायचे, विसळून परत तिथे ठेवायचे. काकू वाईट नव्हत्या. त्यांच्या सासूने केलं तसं त्या करत होत्या, आणि मला खोलीची गरज होती, म्हणून मी गप्प होते. पण रोज सकाळी त्या कपाकडे हात न्यावा लागे, ते मी आजही विसरलेले नाही.

एक दिवस काका कोनाड्यासमोर उभे राहून त्या कपाकडे बघत होते. काकूंना म्हणाले, "ह्याला एकट्याला हितं कामून ठिवलाय?"

काकू म्हणाल्या, "आसू द्या."

"रुसायलाय त्यो. बगा की. बाजूला ठिवलेली वस्तू रुसती. ह्याला डोळा फुटला तर मला म्हनू नका."

दुसऱ्या दिवसापासून काका त्या निळ्या कपातून चहा प्यायला लागले, त्याची समजूत काढायला. मला मग घरातला दुसरा कप मिळाला. तिसऱ्या दिवशी काकांना वाटलं, की आता तो दुसरा कप रुसेल. त्यांनी तो घेतला. असं करत आठवड्याभरात घरातले सगळे कप सगळ्यांच्या हातून फिरले, आणि कुठला कप कुणाचा हे काकूंना स्वतःलाच सांगता येईना. एका सकाळी त्यांनी सगळे कप एकत्र घासले, एकत्र पालथे घातले आणि म्हणाल्या, "जळ्ळं मेलं ते जपान." त्यानंतर कोनाड्यात काकूंनी दिवा ठेवायला सुरुवात केली.

मी वर्षानुवर्षं विचार करत आले आहे, की काकांना हे कळत होतं का. ते फार हुशार होते की अगदी भोळे? कधी वाटतं, सगळं ठरवून चाललंय. कधी वाटतं, त्यांना खरोखर कपाची काळजी होती. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे.

कप्पाचा कायदा तर सगळ्यात वेगळा. कप्पा असतो पोराएवढा, पाठीवर कासवासारखं कवच, आणि टाळूवर वाटीएवढा खळगा, त्यात पाणी. सगळा जोर त्या पाण्यात. माणसाला धरून आत ओढतो. पण अदब इतकी, की समोरच्याने वाकून सलाम केला की त्यालाही वाकल्यावाचून राहवत नाही. वाकला की पाणी सांडतं आणि जोर खल्लास. "मानसात बी कप्पे हायत, बाई," काका सांगत. "डोक्यावर पानी घिऊन हिंडत्यात. मान कशी ताठ ऱ्हाती बगा."

म्हणून काका भेटेल त्याला वाकत. मांड्यांवर हात ठेवून, कमरेतून, त्या स्वयंपाक्याने शिकवलं तसं. आणि समोरचा वाकेपर्यंत सरळ होत नसत. एसटीचा कंडक्टर त्यांना तिकीट देताना आधी वाकून घेई, कारण एकदा तो हट्टाला पेटला होता आणि गाडी फाट्यावर नुसती उभी राहिली होती.

काकांचे थोरले भाऊ शेजारच्याच घरात राहत. उंच, पांढरा पटका बांधणारे. मान वळवायची झाली तर सगळं अंग वळवत. मी राहायला आल्यापासून त्यांनी काकांशी बोलणं टाकलं होतं. श्रावणात एका सकाळी ते भावकीतल्या दोघांना घेऊन अंगणात आले. मी शाळेला निघाले होते, पिशवी खांद्याला लावून दारातच उभी होते. काका माझ्या पुढ्यात, पायरीच्या खाली.

थोरले म्हणाले, "हे बग, आजवर गप ऱ्हायलो. बाईला दुसरीकडं जागा बगायला सांग. न्हाईतर उद्यापास्नं भावकीतलं मानूस तुज्या दारात पंगतीला यायचं न्हाई."

 काका मांड्यांवर हात ठेवून वाकले.

"वाकू नगंस. बोल," थोरले म्हणाले.

काका वाकलेलेच.

"आरं सरळ हो."

"आदी तुमी वाका, दादा," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

गल्लीतली माणसं गोळा व्हायला लागली. थोरले ताठ उभे. काका वाकलेले. बराच वेळ गेला. काकांचे गुडघे थरथरायला लागले तेव्हा काकू आतून बाहेर आल्या आणि थोरल्यांना उद्देशून, पण खांबाकडे बघत म्हणाल्या, "ह्यांची कंबर धरलीय दोन दिस झालं. आता हितंच आडकले तर उचलायला भावकीलाच यावं लागंल. येनार आसंल तर."

थोरल्यांनी भावाच्या थरथरत्या पायांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. शेवटी धाकटा भाऊच तो. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि वाकले. थोडेसेच वाकले, पण वाकले. त्याच क्षणी काका सरळ होऊन एका बाजूला सरकले, आणि थोरल्यांचं वाकणं सरळ माझ्यासमोर येऊन पडलं.

समोर वडीलधारं माणूस वाकलेलं पाहून माझेही हात आपोआप जोडले गेले. मी म्हणाले, "जय भीम, दादा."

थोरले वाकलेल्या अवस्थेतच गोंधळले. "राम राम," त्यांच्या तोंडून निघून गेलं. गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसायला लागले, भावकीतले दोघंसुद्धा. काकूंनी चहा आणला. थोरल्यांनी ताटलीतल्या कपांकडे बघितलं. त्यातला वेगळा कोणता, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांनी चहा घेतला नाही. मी होते ती चारही वर्षं त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही. पण खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ते गेल्यावर काका मला म्हणाले, "सांडलं बगा पानी. समदं न्हाई. आर्धं सांडलं."

पुढे माझी बदली परभणीला झाली, लग्न झालं, मुलगा झाला. एका ग्रंथालयात जपानी भुतांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं तेव्हा मी ते उभ्या उभ्या चाळलं. कप्पा होता. छत्री होती. उशीवालंही होतं. काकांनी मनाचं काहीच रचलेलं नव्हतं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा काका सत्तरीच्या पुढे गेले होते. एसटीने परभणीला आले, पिशवीत काकड्या. दारात वाकले. मीही वाकले. माझी कंबरही आता पूर्वीची नव्हती. आम्ही दोघंही तसेच अडकलो आणि माझ्या मुलाने येऊन आम्हाला एकेक करून सरळ केलं. त्या दिवशी आम्ही जेवढे हसलो, तेवढी मी नंतर क्वचितच हसले असेन. त्याच उन्हाळ्यात ते झोपेत गेले. काकूंनी सांगितलं, सकाळी उशी पायाकडे सापडली. ती काकूंनीच नेऊन ठेवली असेल, असं मला वाटतं. मी विचारलं नाही.

पण काकांविषयी सांगायचं तर माझ्या आईविषयी सांगितल्याशिवाय संपत नाही.

थोरल्यांच्या त्या भांडणाची बातमी पूर्णेला पोचली, आणि वाटेत बरीच मोठी होऊन पोचली. दसऱ्याच्या आधी आई मला न्यायला आली. पिशवीत तिने एक लांब काथ्याची दोरी आणली होती, माझी वळकटी बांधायला. मी आणि काका तिला घ्यायला पिंगळी स्टेशनवर गेलो.

आईचं लहानपण पेडगावच्या बाजूच्या एका खेड्यात गेलं होतं. वाटेवर गावातलं मोठं माणूस दिसलं की तिच्या आईने तिला हाताला धरून वाटेच्या खाली उतरवायचं, वहाणा हातात घ्यायच्या, मान खाली घालायची, आणि ते माणूस दिसेनासं होईपर्यंत उभं राहायचं. पूर्णेला रेल्वेच्या चाळीत येऊन तिला वीस वर्षं झाली होती, पण ही सवय अंगातून गेली नव्हती.

स्टेशनवरून निघालो. काका पुढे, मी मध्ये, आई मागे. काही अंतर गेल्यावर मी वहाणेतला खडा काढायला थांबले आणि आई माझ्या पुढे गेली. तिची अनोळखी पावलं मागे वाजली तसे काका थांबले, सवयीप्रमाणे डावीकडे गवतात उतरले आणि हात लांब केला. "बेतोबेतो सान, तुमी व्हा म्होरं."

धोतर-बंडीतला गावचा माणूस थांबलेला पाहताच आई उजवीकडे गवतात उतरली. वहाणा हातात, पदर डोक्यावर, मान खाली.

वाट मध्ये मोकळी, आणि दोन्ही बाजूंना दोघं उभे.

"तुमी व्हा म्होरं," काका म्हणाले.

"न्हाई जी. तुमी व्हा," आई म्हणाली.

"तसं न्हाई चालत, आक्का. मागनं पाऊल वाजलं की त्याला म्होरं जाऊ द्यावं लागतंय. न्हाईतर ते जलमभर मागंच ऱ्हातंय."

"कोन मागं ऱ्हातंय?"

"भूत. त्येच बेतोबेतो सान."

आईने मान वर केली. "मी भूत न्हाई," ती जरा रागानेच म्हणाली.

"त्येच म्हनायलो मी. भुताला बी म्होरं जाऊ देतो. तुमी तर मानूस हाव."

 आईने वहाणा खाली टाकल्या, पाय घातले आणि वाटेवर आली. पुढे निघाली. तिला रस्ता माहीत नव्हता. गावाचं वळण आलं तरी ती सरळच गेली. मी हाक मारणार, तोच काका हळूच म्हणाले, "जाऊ द्या. म्होरं आनिक एक वळन हाय." आम्ही तिच्या मागे मागे लांबच्या वाटेने घरी आलो.

आई काही दिवस राहिली. काकूंबरोबर शेवया केल्या, काकूंच्या घरातल्या सगळ्या कपांतून चहा प्यायली, आणि उशी कुणीकडे होती या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर देऊन काकांना खूश करत राहिली. पण मला घेऊन जाण्याचं तिने ठरवलेलं होतं. "एक घर चांगलं हाय," ती म्हणाली. "घराबाहेर गाव हाय ना, बाई माजे."  तिने दोरीने माझी वळकटी बांधली. मी पेटी भरली. काकूंनी शेवयांची पुरचुंडी दिली आणि दारात न थांबता आत निघून गेल्या.

आम्ही निघालो. आई पुढे, मी वळकटी घेऊन मध्ये, आणि काका पेटी डोक्यावर घेऊन मागे. मी नको नको म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही. गावाबाहेरच्या वाटेवर समोरून बैलगाडी आली. गाडीत थोरले बसले होते, पांढरा पटका, मान ताठ. वाट अरुंद होती. आईचा हात पदराकडे गेला. तिचं एक पाऊल वाटेच्या कडेला वळलेलं मी पाहिलं.

थोरल्यांनी पाहिलं ते वेगळंच. आपला सख्खा भाऊ डोक्यावर बाईची पत्र्याची पेटी घेऊन घामाघूम झालेला. पेटीमुळे त्याला वाकता येईना, म्हणून तो नुसते डोळे मिटून, त्यानेच सलाम करत उभा. थोरल्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वळकटीकडे. त्यांना समजलं, मी कायमची निघाले आहे. ते काही बोलतील, बरं झालं म्हणतील, असं मला वाटलं.

त्यांनी कासरा ओढला. बैल वाटेखाली गवतात उतरले, गाडीचं एक चाक खड्ड्यात कललं आणि सगळी वाट आमच्यासाठी मोकळी झाली. थोरले कुठल्या भुताला मानत नव्हते. त्यांनी फक्त मान किंचित खाली घेतली आणि आईला म्हणाले, "व्हा म्होरं."

आई गाडीशेजारून पुढे गेली. मी गेले. काका गेले. थोडं अंतर चालून आई थांबली. मागे वळून बघितलं. गाडी परत वाटेवर चढत होती. आई मग वाट सोडून बाजूच्या गवतात उतरली, काकांसारखा हात लांब केला, आणि तो हात तिने स्टेशनकडे केला नव्हता, गावाकडे केला होता.

"तुमी व्हा म्होरं, दादा," ती काकांना म्हणाली. "पेटी परत घरी न्या."

काका तसेच उभे राहिले. इतकी वर्षं रस्त्यात येईल त्याला ते वाट देत आले होते. त्यांना कुणी कधी असं म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पेटी डोक्यावर असल्यामुळे ते पुसता येईना. "बेतोबेतो सान," ते आईला म्हणाले, आणि वळून चालायला लागले, नाल वाजवत, गावाकडे. आईने माझ्या काखेतली वळकटी घेतली आणि चालता चालताच तिची दोरी सोडायला लागली. "काकूला दिऊ," ती म्हणाली. "वालाच्या वेलाला लागंल."